मागचे शॉकअप

"पाना सापडंना," ऋतुराज म्हणाला.

"सीटखाली हाय. बघितलाय मी." निशिगंधानं ओढणी कमरेला खोचली आणि पिकअपच्या पुढच्या चाकांना विटा लावल्या.

सासूबाई, चिमणाबाई, दोन महिन्यांच्या बाळाला मांडीवर घेऊन सोप्यात बसल्या होत्या. आण्णांना, म्हणजे निशिगंधाच्या वडिलांना, अर्धांग झालं तेव्हा तिला नववा लागला होता. नातू त्यांना दाखवायचा, एवढंच तिच्या डोक्यात होतं. पण महिनाभर ऋतुराजचं एकच पालुपद. मागचे शॉकअप गेलेत, शाहूवाडीपर्यंत बाळाला हिसके बसतील. एसटीला चिमणाबाईंची ना. शेवटी काल तिनंच दोन नवे शॉकअप मागवून घेतले.

"गॅरेजला टाकूया की पुढच्या आठवड्यात."

"आज," ती म्हणाली आणि गाडीखाली शिरली.

लहानपणी आण्णांच्या जीपजवळ ती पाने द्यायला बसायची. गंजलेल्या नटाला आधी तेल सोडायचं, मग थांबायचं. ती थांबली. मग पान्यावर सगळा भार टाकला. नट करकरत सुटला.

"भावाला फोन केलतास?" चिमणाबाईंनी विचारलं.

"केला. आण्णा झोपलेत म्हणाला. बघावं तेव्हा झोपलेलेच."

"मग झोपू दे की. तू भाईर ये, आळिवाची खीर खा. जिवाला घोर लावून घेतलास तर दूध आटंल."

निशिगंधानं जुना शॉकअप फरशीवर उभा धरून दाबला. तो सावकाश, पण पुऱ्या ताकदीनं वर आला.

"अहो, ह्यो तर चांगला हाय."

"आतनं गेला असंल," ऋतुराज म्हणाला. तो दुसरीकडंच बघत होता.

तिनं वाद घातला नाही. दोन्ही नवे बसवले, जॅक उतरवला, हात धुतले.

"चला. बाळाला टोपडं घाला. चारपर्यंत पोचू."

ऋतुराजनं आईकडं बघितलं.

"आधी पोराला पाज," चिमणाबाई म्हणाल्या.

"वाटेत पाजते की."

"न्हाय. हितंच. पोटभर पाज."

तिनं पाजलं. बाळ पिता पिता झोपलं. चिमणाबाईंनी ते अलगद उचलून ऋतुराजकडं दिलं आणि तिचे दोन्ही हात घट्ट धरले.

"पोरी, आण्णांचं बारावं हून आज सतरा दिवस झालं."