कपडा धरणारा हात

"कपडा आणखी वर घ्या, बाई. छपराचे कवेलू दिसून राह्यले," बापूराव कॅमेऱ्यावरच्या काळ्या फडक्याखालून म्हणाला.

जिजाबाईनं टाचा उचलल्या. पांढऱ्या चादरीचं एक टोक दाराच्या खुंटीला बांधलं होतं, दुसरं तिच्या हातात होतं. चादरीपुढे नवरा प्रेमदास आणि मुलं बसली होती. श्रावणला पोस्टात नोकरी लागली होती. समुद्रपूरच्या त्या घरात असं काही चांगलं घडलं की वर्ध्याहून बापूराव यायचा आणि मागची मातीची भिंत झाकायला जिजाबाई चादर धरायची.

"माय, तू ये ना इकडं," श्रावण म्हणाला.

"मी आली तं कपडा कोण धरन? नोकरी तुले लागली, बाबू. हे नोकरी माझी."

सगळे हसले. थोरली जयवंता वर्ध्याला मास्तरीण होती. ती खुर्चीवर पदर सारखा करून बसली होती. आपण उठावं, चादर धरावी आणि मायला इथं बसवावं, असं तिला वाटलं. तेवढ्यात बापूरावनं कॅमेऱ्याचं झाकण काढलं.

दुसऱ्या दिवशी कापूस वेचता वेचता जिजाबाई शेताच्या धुऱ्यावर टेकली. तिनं पाणी मागितलं. पाणी येईपर्यंत ती गेली होती.

वर्ष भरत आलं. पुण्यतिथीच्या वंदनेत बुद्धाच्या तसबिरीजवळ ठेवायला तिचा फोटो शोधला, तर एकही सापडला नाही.

"घरभर फोटो, अन् घरवालीचाच नाई," प्रेमदासची बहीण तानाबाई म्हणाली. "काय ठेवता मंग? तिचा विळा?"

प्रेमदास नंतर अंगणात जयवंताला म्हणाला, "डोये मिटले का दिसते. उघडले का जाते. अन् आता मिटल्यावरबी उशिरा येते."

बाबांना काहीतरी द्यायचं, असं जयवंतानं तेव्हाच ठरवलं. घरातले पाचही फोटो एका फळीवर लावून द्यायचे, निदान भिंत रिकामी राहायला नको. तिनं फोटो उतरवले. बापूराव प्रत्येक फोटोभोवती जाड कागदाची चौकट चिकटवून द्यायचा. त्या चौकटी कळकट झाल्या होत्या. ओलं फडकं ठेवून तिनं पहिली सोडवली.

चौकटीखाली झाकलेल्या उजव्या कडेला चार बोटं होती. चादरीचा काठ घट्ट धरलेली. करंगळी वाकडी.

तिनं दुसरी चौकट सोडवली, मग तिसरी. धाकटीच्या लग्नात हात होता. दीक्षा घेऊन नागपूरहून परतलेल्या, पांढऱ्या कपड्यांतल्या बाबांच्या मागे हात होता. श्रावणच्या दोन्ही फोटोंत होता. पाचवा फोटो तिचा स्वतःचा, ती शिकायला वर्ध्याला निघाली तेव्हाचा. त्यात हात नव्हता. उजवी कड कात्रीनं सरळ कापलेली होती.

कापणारी तीच होती. वसतिगृहात त्या फोटोची चौकट निघाली, तेव्हा खोलीतल्या प्रमिलानं विचारलं होतं, "हा हात कुणाचा गं?"

"फोटोवाल्याची कुणी बाई असेल," जयवंता म्हणाली होती. इतक्या स्वच्छ पुस्तकी भाषेत, की तिचं तिलाच नवल वाटलं. मग तिनं कात्री घेतली होती. शिक्षण संपल्यावर तोच फोटो नवी चौकट लावून तिनं घरी टांगला होता.

ती बापूरावकडे गेली. "सहा वर्षं झाली. माझ्या फोटोची काच असेल का, ज्यावरून फोटो छापता ती?"

"काच कोण फेकते?" तो म्हणाला. कपाटातून त्यानं तिच्या फोटोची काच काढली, फडक्यानं पुसून उजेडाकडे धरली. "कड चौकटीखाली झाकू ना नेहमीसारखी?"

"नाही. कड सगळी दिसू द्या."

चहाच्या खोक्याची फळी तिनं घासून गुळगुळीत केली. तिच्यावर तीच चादर ताणून बसवली. खळ शिजवून पाचही फोटो एकाखाली एक चिकटवले. पाच हात एका रेषेत आले. सभोवती मायच्या लुगड्याचा हिरवा काठ टाचला.

वंदना झाली. माणसं बसलेली असताना तिनं ती फळी बाबांपुढे भिंतीला टेकवली.

तानाबाईनं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अन् जिजा कुठं हाये यात?"

प्रेमदास उठला. फळीजवळ उकिडवा बसला. त्यानं पहिल्या हातावर बोट ठेवलं. "हे." मग दुसऱ्यावर. "हे." पाचव्यापर्यंत पोचला तेव्हा त्याच्या तोंडावर हसू होतं, वर्षभरात पहिलं. "साऱ्याच फोटोत हाये थे. आपणच आहो कमी-जास्त."

माणसं पुढे सरकली. "करंगळी पाहा," तानाबाई डोळे पुसत म्हणाली, "माह्याच वावरात विळा लागला होता. तरी दिवसभर कापत होती, ऐकते कुठं?" कुणी तिच्या उंचीच्या गोष्टी काढल्या, कुणी तिच्या बोलण्याच्या. घर तिनं भरून गेलं.

वसतिगृहातली प्रमिला आता जयवंताच्याच शाळेत शिकवत होती. त्या दिवशी ती मुद्दाम आली होती. ती पाचव्या फोटोपाशी थांबली.

"जयवंता, हा फोटो मी पाहिलाय. हा हात..." ती अडखळली. "तू तर म्हणाली होतीस, फोटोवाल्याची कुणी बाई."

बाबांनी मान वळवली. प्रमिलाला बाहेर नेऊन हळूच सांगता आलं असतं. जयवंता जागची हलली नाही. तिनं त्या वाकड्या करंगळीवर आपलं बोट ठेवलं आणि शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात, समुद्रपूरच्या बोलीत म्हणाली,

"खोटं बोलली होती मी, प्रमिला. माझी माय व्हय ते."