पुलाजवळची जागा

"पुलाजवळच. लिहून घ्या," टोचनवाले काका म्हणाले आणि त्यांनी नकाशावर बोट टेकवलं.

बंद पडलेल्या गाड्या ओढून आणण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती. त्या रस्त्याचा खडा न् खडा त्यांना ठाऊक होता.

इंजिनीअरबाईंनी पेन्सिल उचलली नाही. यंदा चार्जिंग स्टेशन एकच मंजूर होतं. जागा चुकली की पुढची पाच वर्षं कुणी विचारणार नव्हतं. त्यात त्यांच्या ताईची बदली खिंडीपलीकडच्या दवाखान्यात ठरलेली. ती नर्स, रोज विजेच्या स्कूटरवरून येणार-जाणार, आणि पलीकडे विजेचा भरवसा नाही. बाईंच्या जिवाला घोर लागला होता.

"काका, माझ्या गणिताने परतीच्या चढाला बॅटरी संपते. म्हणजे खिंडीतच."

"गणित बरोबरच असणार. पण गाड्या खिंड कशीबशी ओलांडतात आणि शहराजवळ पुलाशी येऊन मान टाकतात, त्याला मी काय करू?"

"स्टेशन झालं की तुमचा धंदा बसेल."

"बसू दे. माझे गुडघेही बसलेत आता. लोकांची सोय होऊ दे."

खुर्चीत बसून जागा ठरवायची नाही, हा बाईंचा हट्ट होता. साहेबांनी फाइल उरकायची घाई केली, तरी त्या बधल्या नाहीत. सलग तीन दिवस छत्री घेऊन पुलावर उभ्या राहिल्या.

तिन्ही दिवस एकेक गाडी तिथे येऊन थांबली. प्रत्येक वेळी गाडी वेगळी, माणूस वेगळा, बॅटरी मात्र शून्यावर. एकाने तर डिकीतून घडीची खुर्ची काढली आणि तो निवांत शब्दकोडं सोडवत बसला. लोकांना अडकून पडायची इतकी सवय झालेली पाहून बाईंना वाईट वाटलं.

"आणि तुमचं ते खिंडीचं गणित?" साहेबांनी बैठकीत विचारलं.

"चुकलं होतं. मी डोळ्यांनी पाहिलंय." खिंडीवरची खूण बाईंनी स्वतःच्या हाताने खोडली. पुलाच्या जागेसाठी मग त्या चार महिने सगळ्यांशी भांडल्या.

स्टेशन सुरू झालं त्या दिवशी ताईही आली होती. परवा ती नव्या दवाखान्यात रुजू होणार होती. "आता तरी नीट झोप," ती बाईंना म्हणाली. बाईंनी काकांना वाकून नमस्कार केला. "तुम्ही नसता तर मी खिंडीत नेऊन ठेवलं असतं हे."

काकांनी आशीर्वाद दिला, बाजूला जाऊन साडूला फोन लावला.

"झालं बाबा काम. आता पुलावर गाडी नेऊन उभी करायची नाही. भाच्यालाही सांग, आणि माझी खुर्ची परत दे." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "खिंडीत? छे, तिथे कुणाला उभं करायची गरज नाही. तिथे रोज चार गाड्या आपल्या आपण बंद पडतात. परवापासून एक स्कूटरही वाढेल."