झाकण

"वर गेल्यावर भेव नाही लागत का, भाऊजी?" वसुंधरेने शामसुंदरच्या ताटात तिसरी पुरणपोळी वाढली. अरुणकुमारच्या ताटातली पहिली केव्हाच संपली होती.

शामसुंदर नुसता हसला. तिला ते हसणे शौर्याचे वाटले.

सकाळीच त्याने प्लांटच्या बड्या साहेबांना विमानाने भिलाईला आणले होते. दुपारी तो जुन्या मित्राच्या क्वार्टरमध्ये जेवायला आला होता. खिडकीबाहेर नव्या भट्टीची चिमणी आभाळाला टेकली होती. पण वसुंधरा पाहत होती ते पाहुण्याचे हात. कार्बनच्या कागदाने निळ्या पडलेल्या नवऱ्याच्या बोटांकडे तिने असे कधी पाहिले नव्हते. तिच्या डोळ्यांतला हा उजेड अरुणकुमारच्या वाट्याला कधी आलाच नव्हता.

अरुणकुमार उठला. ट्रंकेतून एक पिवळा पडलेला नकाशा काढून त्याने दोन ताटांच्या मध्ये पसरला.

दहा वर्षांपूर्वी तो हवाई दलाच्या शाळेत शिकवत असे. चष्म्याने त्याला आकाश नाकारले होते; वाट्याला आले होते सरावाचे एक लाकडी विमान, जमिनीला खिळलेले. शिकणारा आत बसे, वरून झाकण लागे, आणि त्या अंधारात तो केवळ समोरच्या यंत्रांतल्या काट्यांच्या भरवशावर उडत राही. बाहेर टेबलाशी बसून अरुणकुमार त्याच्या कानात हुकूम सोडी. समोरच्या नकाशावर एक पेन त्या कधीच न झालेल्या प्रवासाची लाल रेघ ओढत जाई. उंचीचा काटा शून्यावर आला, की अरुणकुमार झाकण उघडून म्हणे, "मेला तू. चाल, चहा पाज."

"हे रेघ पाह्य," तो आता बायकोला म्हणाला. "तुह्या शूर पायलटची. अकरा वेळा मेला हा माह्या डब्ब्यात."

शामसुंदर या वेळी हसला नाही. रेघ जिथे तुटली होती, तिथे त्याने डाव्या हाताचे बोट टेकवले.

"हा कागद मले देतो, अरुण?"

"कावून? साहेबाले दाखवतो?"

"ढगात शिरलो का काचेपुढं काहीच दिसत नाही. अगदी तुह्या डब्ब्यासारखं." तो वसुंधरेकडे वळला. "भेवाचं विचारत होत्या ना, वहिनी? काटा खाली घसरत जाते, अन् मी तसाच बसून वाट पाहून राहतो, का अरुण आता झाकण उघडन."