नाही म्हटलं तर
सत्तर फॉर्म, सत्तर अंगठे. नकार एकाचाही नाही. साधनाताईंनी चष्मा काढून डोळे चोळले.

अहेरीपासून आत, जंगलातल्या या गावात एका सरकारी संशोधनासाठी पोरांचं रक्त घेणं चाललं होतं. पहिली फेरी झाली होती, दुसरी उद्या. लोकांनी समजून होकार दिला की साहेब आले म्हणून अंगठा उठवला, हे तपासायचं काम साधनाताईंचं. सव्वीस वर्षं त्या हेच करत होत्या. डॉक्टर मंडळींना त्या नकोशाच वाटायच्या. आज डबे उघडले तेव्हाही सगळे जीपच्या सावलीत बसले आणि त्या एकट्या शाळेच्या पायरीवर. सवय झाली होती म्हणायचं, पण डबा अर्धाच ठेवून त्या उठल्या.

एकाने तरी तोंड उघडलं, तर उद्याची फेरी थांबवता येणार होती. म्हणून त्या गिरजाबाईच्या अंगणात आल्या. म्हातारी मोहफुलं वाळत घालत होती. नात पिंकी दाराआड उभी होती.

साधनाताईंनी नेहमीचं सांगितलं. अंगठा दिला असला तरी नाही म्हणता येतं. कारण सांगावं लागत नाही. रेशन, दवाखाना काही बंद होत नाही. कोणी रागावत नाही. हजारदा सांगून झालं होतं, आणि लोकांनी हजारदा नुसती मान डोलावली होती.

मग त्यांनी वही उघडली. चार प्रश्न विचारू का, म्हणाल्या.

"नाई," गिरजाबाई म्हणाली.

सव्वीस वर्षांतला पहिला नकार, आणि तो त्यांच्याच वाट्याला. साधनाताईंना ते फार लागलं. पण कारण विचारायची सोय त्यांनी स्वतःच ठेवली नव्हती. "बरं," म्हणत त्यांनी वही मिटली आणि चपला पायात सरकवल्या.

गिरजाबाई त्यांचं तोंड निरखत होती.

"राग आला काय, बाई?"

"नाही."

"रेशन बंद करसान?"

"नाही हो."

म्हातारीने हात झटकले. पिंकीला दाराआडून ओढून पोटाशी धरलं.

"मंग उघडा वही. उद्या पोरीचं रक्त मी देत नाई. पयले तुमालेच नाई म्हणून पाह्यलं."