उन्हातली ज्योत

पवईतल्या एका लॅबच्या मागे हायड्रोजनच्या पाइपमधून श्वेताला फुसफुस ऐकू आली. हा गॅस पेटला तरी भर उन्हात ज्योत दिसत नाही, वासही येत नाही. म्हणून आग असलीच तर आपल्याआधी झाडू पेटावा, अशा बेताने ती लांब दांड्याचा झाडू पुढे धरून व्हॉल्व्ह बंद करायला निघाली.

अचानक मोकळ्या हवेतच झाडूने पेट घेतला. तेवढ्यात समोरून तिची मैत्रीण नीला कानात इयरफोन घालून थेट त्या आगीकडेच येताना दिसली.

"नीला, थांब!"

नीलाला ऐकूच गेलं नाही. श्वेताने पेटता झाडू तिच्या पायांपुढे भिरकावला. नीला किंचाळत मागे पळाली.



"वेड लागलंय का गं तुला? जाळून मारतेस का मला?"