शून्य किमतीचं मशीन

डोळ्याचं ऑपरेशन उरकून आत्या कारखान्यात परतली आणि दारातच थबकली. झाकणं ठोकणारं जुनं मशीन जागेवर नव्हतं. जमिनीत नुसते चार बोल्ट उरले होते. हिशेब बघणारा भाचा फुशारकीनं म्हणाला, “दरवर्षी घसारा लावून लावून ताळेबंदात त्याची किंमत शून्य झाली होती, आत्या. म्हणून भंगारात काढलं. कर्ज घेतलंय, नवं येतंय.” आत्या मटकन खुर्चीत बसली. “अरे शहाण्या, घसारा कागदावर लागतो! मशीन झिजून संपलं होतं का? आपला सगळा धंदा त्याच्यावर चालायचा!” भाचा सारवासारव करणार, तोच पलीकडच्या गल्लीतल्या झाकणवाल्याच्या शेडमधून आवाज आला. खट, खट, मध्येच एक उचकी. ती उचकी आत्यानं झोपेतसुद्धा ओळखली असती. भाच्याचा चेहरा पांढराफटक पडला. “पण... ते तर शून्य होतं!” “ऐक,” आत्या पुटपुटली, “तुझं शून्य झाकणं ठोकतंय.”