तिऱ्हाईत गावातला सामना

"सांगितलं तर कोणाला पटायचं नाही," म्हणत स्टेडियमचे म्हातारे गेटकीपर न्हाव्याच्या खुर्चीत टेकले. दुकानाचा रिवाज कडक होता: थाप पकडली गेली, की अर्ध्या दाढीवर उठायचं. त्यात आज दुपारी म्हाताऱ्यांकडे नवे व्याही जेवायला यायचे होते.

डावा गाल गुळगुळीत होईतो म्हातारबुवा रंगात आले. "दोन परके देश आपल्या गावात रग्बी खेळायला आले. का, तर घरच्या मैदानाचा फायदा कोणालाच नको. आपल्या बँडनेही दोघांची राष्ट्रगीतं सारखीच बेसूर वाजवली. मध्येच एक कुत्रं नाकाने चेंडू ढकलत थेट रेषेपार गेलं. पंच म्हणाले, कुत्रंही तटस्थ आहे, गुण दोघांना निम्मे निम्मे."

न्हावी मान डोलावत उजव्या गालाला फेस लावत होता. म्हाताऱ्यांना आणखी चेव चढला.

"आणि गर्दी म्हणशील, तर मुंगीला शिरायला जागा नव्हती."

न्हाव्याने ब्रश खाली ठेवला. "उठा, काका."

"अरे, कुत्रं चालतं, आणि गर्दी चालत नाही होय तुला?"

"कुत्रं माझंच होतं. फुकटचे पास देऊन तुम्हीच आम्हा दोघांना आत बसवलंत. तिसरं कोण होतं तिथे?"